दानोळ्यांचं मूळ घर

मंडळी, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे... जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही. तरी हे लिहितोय, कारण घरात सगळ्यांना सांगून झालं आणि उत्तर कुणाकडेच नाही.

माझ्या आईचे आजोबा आयरिश होते. मायकल डॉनेली. इंग्रजांच्या फौजेतून सुटल्यावर ते प्रवरेच्या कालव्यावर गवंडी म्हणून लागले. तिथेच दगड वाहणाऱ्या सारूबाईंशी त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं आणि राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरालाच राहिले. डॉनेलीचं गावाने ‘दानोळे’ करून टाकलं. त्यांनी बांधलेल्या कालव्यावरच्या मोऱ्यांवरून अजून उसाच्या ट्रॉल्या जातात — हे सांगताना आमच्या घरात प्रत्येकाचा आवाज जरा चढतोच.

पण भांडण झालं की भाऊबंद हमखास म्हणायचे, “पळून आलेला गोरा, ना घर ना दार!” आईची थोरली बहीण, एस्तेरमावशी, हे ऐकतच मोठी झाली. आता ऐंशीच्या पुढे आहे. माझी मुलगी रूथ नर्स म्हणून आयर्लंडला गेली तेव्हा मावशी मला म्हणाली, “माझ्या आज्याला घर हुतं. त्ये तेवढं शोधून दे बाबा.”

मग मी लागलो मागे. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत मायकल आजोबांच्या वडिलांचं नाव सापडलं, आणि जिल्हा — क्लेअर. सहीच्या जागी अंगठा... म्हणजे आजोबांना लिहिता येत नव्हतं. तिकडची जुनी जनगणना आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी इंटरनेटवर आहेत. पण मायकल डॉनेली ढीगभर! शिफ्टवरून आलो की हेच. शेवटी बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या वडिलांच्या नावावरून एक घर जुळलं. विधवा आई ब्रिजेट आणि तिची मुलं. एका जनगणनेत मायकल आहे, पुढच्या जनगणनेत नाही. जमीनमोजणीच्या जुन्या नकाशात त्या घराचा नंबरही मिळाला, आपल्या गट नंबरासारखाच. खरं सांगतो, छाती फुगली माझी.

सुट्टीच्या दिवशी रूथ तिथे गेली. शेजारच्या शेतातले पॅट नावाचे एक म्हातारे वाट दाखवायला बरोबर होते. तिने व्हिडिओ कॉल लावला. इकडे भर दुपार, आम्ही मावशीच्या अंगणात. स्क्रीनवर नुसत्या दगडी भिंती... छप्पर नाही, दाराची मोकळी चौकट, आत कमरेएवढं गवत. मावशीने मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि एकदम म्हणाली,

“रूथ, जरा बाजूला सर. त्या बाईंच्या म्होरं उभी राहू नको.”

“कोण बाई, आजी?”

“ही काय, दारातली. काळी शाल घेतलीया. उजव्या हाताला फडकं बांधलंय बघ... बोटं न्हाईत वाटतं त्या हाताला.”

मी मावशीच्या खांद्यावरून बघत होतो. चौकट रिकामी होती.

मावशी उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात बोलू लागली, “पनजी, मी मायकलची नात. तुमचा ल्योक कुठं हरवला न्हाई. आमच्यात आला. पाटाला त्यानं दगड लावलं, लई गावांचं रान भिजलं. शेवटाला आमी समदी त्याच्याजवळ हुतो.”

मग ती थांबली — समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तशी. आणि हसली. “व्हय व्हय, पोटभर जेवायचा. बाजरीची भाकर लई आवडायची त्याला.”

रूथने हे सगळं पॅटना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या आजीने त्यांना सांगितलं होतं — मायकल घर सोडून गेल्यानंतर मळणीयंत्रात ब्रिजेटची बोटं गेली. हाताला कायम फडकं असायचं. मरेपर्यंत रोज त्या दारात उभी राहायची, पोराची वाट बघत. रूथला त्यांनी यातलं अवाक्षरही आधी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आजोबांनीच लहानपणी मावशीला सांगितलं असेल. पण अपघात त्यांनी घर सोडल्यानंतरचा, आणि घरून त्यांना कधी पत्र आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. नोंदींत बोटांचा उल्लेख नाही, ब्रिजेटचा फोटो कुणाकडे नाही. रूथने काढलेले फोटो मी झूम करकरून पाहिले. गवत आणि दगड, बस्स. मावशीला पुन्हा विचारलं तर वैतागली, “तुला दिसली न्हाई म्हंजी ती नव्हती का?”

आजोबांच्या कबरीवर पूर्वी फक्त नाव होतं. नाताळाआधी मावशीने नवा दगड बसवून घेतला. मजकूर तिचाच — ‘मायकल दानोळे, गवंडी. ब्रिजेटचा मुलगा.’

त्या दुपारी मावशी कुणाशी बोलली, ते मला आजही सांगता येत नाही. पण आता कुणी विचारलं, तुमचे आजोबा कुठले? — की ती ताठ बसते आणि त्या आयरिश खेड्याचं नाव असं ठणकावून घेते, जणू ते राहुरी तालुक्यातच आहे.