पहिल्या क्रमांकाचा प्रश्न

आमच्या तात्यांना 'बघतो' म्हणता यायचं नाही. अहो, आमदाराला तेवढा एक शब्द जमला की पाच वर्षं आरामात निघतात! पण तात्या तोंडावर सांगायचे, "हे व्हनार नाय. फुकट खेपा मारू नको." माणूस तोंड पाडून बाहेर यायचा आणि शिव्या मला द्यायचा, कारण दाराशी मी बसलेलो. मी त्यांचा पीए. त्यांची आमदारकी एकच टर्म चालली आणि त्या टर्मभर मी चिडलेलाच होतो.

एपीएमसी मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा होता, त्यामुळे पहाटे उठायची सवय. सकाळी सहाला ऑफिसात हजर. "कामाला जायच्या आधी मानूस भेटला पायजे, त्याचा खाडा कशाला?" म्हणायचे. माझ्या झोपेचा खाडा होत होता त्याचं काय, हे विचारायची सोय नव्हती.

असा माणूस शब्द सहसा देत नाही. तात्यांनी एकच दिला, तो नावड्याच्या सुगंधाताईंना. तिथे गाव रस्त्याच्या एका बाजूला, कॉलनी दुसऱ्या, आणि मधून न्हावा शेवा बंदराचे कंटेनर दिवसभर धडधडत जातात. सुगंधाताईंची मुलगी सकाळी कॉलेजला निघाली होती, रस्ता ओलांडताना ट्रेलरखाली गेली. तेराव्याला तात्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वयनी, हितं चालत जायचा पूल मी आनीन."

मग आम्ही तारांकित प्रश्न टाकायला लागलो. तारांकित म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न विचारून त्याला धरता येतं. पण प्रश्नांचे क्रमांक चिठ्ठीने लागतात आणि प्रश्नोत्तराच्या तासात वरचे चार-सहाच होतात. आमचा कायम तळाला. मग नुसतं छापील उत्तर हातात यायचं. 'रस्ता ओलांडताना मुलीचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?' 'हे अंशतः खरे आहे.' 'विलंबाची कारणे काय?' 'प्रश्न उद्भवत नाही.'

तात्यांनी तो कागद माझ्यापुढे आपटला होता. "अंशतः? पोरगी अंशतः मेली काय रं?"

तरी माणूस हटला नाही. दर अधिवेशनाला तोच प्रश्न. गाडीत उपप्रश्नांची तालीम चालायची, मंत्री मी. मी टोलवाटोलवी केली की तात्या खरोखर भडकायचे, ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा.

आणि टर्मच्या शेवटच्या अधिवेशनात क्रमांक लागला. पहिला! सुगंधाताईंना फोन मीच केला. रविवारी मंत्र्याचं उत्तर ऐकायला या म्हणालो.

प्रश्नाच्या दिवशी सकाळीच पक्षाची बैठक झाली. कुणीतरी आमच्या नेत्यांबद्दल वेडंवाकडं बोललं होतं, म्हणून आदेश निघाला: सभागृह चालू द्यायचं नाही, सगळ्यांनी अध्यक्षांसमोर उतरून घोषणा द्यायच्या. मी तात्यांना लॉबीत गाठलं. हात जोडले. "तात्या, आजचा एक दिवस जागेवर बसा."

"पक्षानं उभा केला म्हनून हितं आलो. सगळे उतरनार आनि मी एकटा बसू?" मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "दहा मिनटांत परत सुरू होतं. नंबर कुठं पळतोय?"

पाच वर्षं तिथे काढलेला माणूस हे बोलतो! तास गेला की त्या दिवसाचे प्रश्न गेले, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? मी गॅलरीतून बघत होतो. प्रश्न पुकारला, तात्यांचं नाव घेतलं, आणि तात्या खाली मोकळ्या जागेत, मूठ वर करून ओरडत होते. नाव ऐकून त्यांनी एकदा वळून बघितलंसुद्धा. शेजारच्याने हात खेचला, ते परत ओरडायला लागले. कामकाज तासभर तहकूब. मला इतका संताप आला की राजीनामा तिथेच लिहायला घेतला होता.

रविवारी सुगंधाताई आल्या. मी तात्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, की गोंधळ समोरच्या बाकांनी केला म्हणून सांगा. कोण बघायला गेलंय? त्यांनी मान डोलावली होती.

ताईंनी विचारलं, "काय बोलला मंत्री?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वयनी, मंत्री उभा होता उत्तर द्यायला. मीच बोलू दिला नाय. ओरडनाऱ्यांत मी होतो."

ताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आणलेली बोंबलाची पिशवी, तेवढी टेबलावरून परत उचलली आणि दारापर्यंत गेल्या. तिथून वळून म्हणाल्या, "तुमी तुमच्या पक्षाला सांगितला असता ना, का ही माझ्या पोरीची गोष्ट हाय, तर त्यांनी पन तुमाला बसू दिला असता."

महिन्याभरात टर्म संपली. तिकीट दुसऱ्याला गेलं. तात्या परत पहाटे गाळ्यावर बसायला लागले. तिथे मला एकदाच विचारलं, "खरंच बसू दिला असता काय रं?"

मी 'नाही' म्हणालो. त्यांना खोटं सांगायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.