कुठल्या देशाची चिप

पावसाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती वारले.

नगरच्या एमआयडीसीत त्यांचं छोटं युनिट आहे. ठिबकच्या पंपांना लावायची कंट्रोलर-कार्डं तिथे बनतात. काही इथेच विकली जातात, बाकीची परदेशातल्या एका गिऱ्हाइकाकडे जातात. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. युनिटमध्ये पाहुण्यासारखी जायचे. ते गेल्यावर रोज जाऊ लागले. घरी बसवत नव्हतं, आणि त्यांनी घेतलेली परदेशची ऑर्डर अर्धी राहिली होती.

पुढे खंडेनवमी आली. आमच्या घरी वर्षभर सण नव्हता. पण सोल्डरिंग करणाऱ्या बायका म्हणाल्या, "हत्यारं पुजल्याबिगर न्हाई राहायचं." त्यांनी शेड धुतली, भिंगाच्या दिव्याला झेंडू बांधला. ह्यांच्या टेबलावर चिपांच्या अर्धवट वापरलेल्या पिशव्या पसरलेल्या असायच्या, त्यांना ते कुणाला हात लावू देत नसत. बायकांनी त्या स्टीलच्या डब्यांत ओतल्या, डाळी भरतात तशा. एका नंबरच्या चिपा एका डब्यात. रिकाम्या पिशव्या लेबलांसकट कचऱ्यात गेल्या. एवढं नीट लावलेलं टेबल बघून मला रडू आलं.

दिवाळीनंतर गिऱ्हाइकाची मेल आली. त्यांच्या देशाने चिपांवर आणि चिपा बसवलेल्या भागांवर नवा आयातकर लावला होता. प्रत्येक चिप कुठल्या देशात बनली, हे आम्ही पुराव्यासह कळवायचं. नाही कळवलं तर माल बंदरावर अडकणार. ही ऑर्डर गेली तर बायकांना घरी बसवावं लागणार होतं. आणि पुरावा म्हणजे पिशवीवरचं लेबल.

कुठली चिप कुठल्या पिशवीतली, हे मी विचारल्यावर राहुरीहून एसटीने येणाऱ्या मावशी, सगळ्यांत जुन्या, डब्यांकडे बघत राहिल्या.

"समद्या मिसळल्या, म्याडम. आमाला वाटलं, साहेबांचं टेबल नीट लावावं."

"लावलंत की छान."

दुसरी म्हणाली, "सोयरीक जमवतानी बी यवढं गाव-गोत इचारत न्हाईत!"

आधी कुणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "लिवा की कुठला बी देश. कोन बघनार हाय?"

भिंगाखाली मी बघितलं होतं. चिपेवर नंबर होता, देश नव्हता; आणि एकाच नंबरची चिप दोन-तीन देशांत बनते. अंदाजाने लिहिता आलं असतं. पण खाली युनिटचा शिक्का लागणार होता, आणि ह्यांनी त्या शिक्क्यावर कधी अंदाज खपवला नव्हता.

मी गिऱ्हाइकाला झालं ते सगळं कळवलं, खंडेनवमीसकट. उत्तर येईपर्यंत मावशी चहाच्या वेळी रोज विचारायच्या, "आलं का वो?"

आलं. नव्या चिपा घ्या, लेबलं जपा, आम्ही थांबतो, असं त्यांनी लिहिलं. ऑर्डर मात्र निम्मी केली. जुन्या चिपा आम्ही इथल्या गिऱ्हाइकांच्या कार्डांवर बसवल्या. ह्यांनी पारखून आणलेल्या चिपा आता मुळा धरणाच्या कालव्यालगतच्या पंपांत आहेत.

युनिट चालू आहे. काम कमी आहे. कुणालाही घरी बसवलेलं नाही.