चांगुणाबाईंचा हेवा

कुंभारीच्या कामगार वसाहतीत चांगुणाबाई आणि सोजरबाई यांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. टॉवेलच्या कारखान्यात दोघींनी तीस वर्षे शेजारी बसून काठ शिवले. परंतु सोजरबाईंचे काही भले झाले की चांगुणाबाईंच्या पोटात दुखते, ही गोष्ट त्या स्वतःही नाकारीत नाहीत.

गेल्या मे महिन्यात होटगी रस्त्यावरील एका कंपनीच्या ऑफिसात एकच जागा निघाली. मुलाखतीत सोजरबाईंची नात ऋतुजा पहिली आली आणि चांगुणाबाईंची नात संघप्रिया दुसरी. सोजरबाईंनी वसाहतभर पेढे वाटले. "मला साखर हाय," असे सांगून चांगुणाबाईंनी पेढा परत केला. प्रत्यक्षात त्यांना कसलाही आजार नव्हता.

महिनाभराने कळले की ऋतुजाने नोकरी नाकारली.

"का गं सोजरे? हाताशी आलेली नोकरी सोडली व्हय?"

"मूळ गुणपत्रिका दोन वर्सं ऑफिसात ठेवा म्हणं. मुलाखतीत बोलले न्हाईत, नेमणुकीच्या पत्रात घातलं. पोरीनं फोनवर तोंडावर सांगितलं, माझे कागद माझ्यापाशीच ऱ्हातील."

सोजरबाईंच्या स्वरातील तो अभिमान चांगुणाबाईंना निवडीपेक्षाही अधिक झोंबला. तरुणपणी यंत्रमागाच्या एका मालकाने त्यांचे रेशनकार्ड स्वतःच्या कपाटात ठेवून घेतले होते. ते हाती येईपर्यंत चार वर्षे त्यांना दुसरीकडे कामाला जाता आले नाही. 'नको' हा शब्द त्यांना जन्मात उच्चारता आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन संघप्रियाला आला. अट तीच होती.

"आजी, पेटीची किल्ली दे. देऊन टाकते कागद. घराला हातभार लागेल."

किल्ली चांगुणाबाईंच्या कनवटीला होती. आता सोजरबाईंच्या नाकावर टिच्चून पेढे वाटता आले असते. त्यांचा हात कनवटीपर्यंत गेला आणि तेथेच थांबला.

"सोजरीच्या नातीचे कागद सोन्याचे, अन् तुझे काय रद्दीचे? बस हितं. न्हाय म्हणून पत्र लिही."

पत्र पूर्ण होताच ते हातात घेऊन त्या शेजारच्या दारात उभ्या राहिल्या.

"सोजरे, आमची पोरगीबी न्हाय म्हणाली. तुमच्यावानी फोनवर न्हाय, लेखी!"

"मग पेढे वाटतीस काय?" सोजरबाई हसल्या.

"वाटीन की. तुला दोन देईन. जळू नगंस म्हंजे झालं."