बँकॉकमधलं भरीत

आमच्याकडे रोजचा स्वयंपाक बायकांचा, पण हिवाळ्यात शेतातलं भरीत पुरुषांचं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटायची आणि वर्षभर कौतुक ऐकायचं. लसूण सोलायला आणि भाकरी थापायला बायका असतातच. माझे वडील मोतीलाल, म्हणजे आमचे नाना, एरंडोलकडे भरतासाठी नावाजलेले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला शाबासकी मिळते, हे मी लहानपणापासून बघत आले आणि चिडत आले.

नानांचं पाइपांचं दुकान होतं. चौऱ्याण्णव साली विक्री चांगली झाली म्हणून कंपनीने दुकानदारांना घरच्यांसकट बँकॉकला नेलं. शेवटच्या दिवशी मगरी बघायला जायचं किंवा तिथला स्वयंपाक शिकायला. आई एरवी कुठल्याच गोष्टीत मत देत नसे. पण त्या दिवशी म्हणाली, "माले शिकाले जानं शे."

"घरी काय कमी रांधतेस? इथे येऊन पुन्हा चूल कशाला?" मी विचारलं.

"तुनी आजीनी निस्त्या चुका दखाड्यात. असं कर म्हनीसन माले कोनीच शिकाडं नही," आई म्हणाली.

मी शिकणाऱ्यांच्या यादीत आमची दोघींची नावं लिहिली. नानांना मगरींचं काही पडलेलं नव्हतं, म्हणून तेही आमच्याबरोबर आले. तिथेच माशी शिंकली.

शिकवणारी बाई पिकल्या केसांची, हसतमुख. आम्ही शाकाहारी म्हणून तिने माशांच्या सॉसची बाटली आधीच बाजूला ठेवलेली. प्रत्येकीसमोर शेगडी, दगडी खल, हिरव्या मिरच्या, नारळाचं दूध. ती इंग्रजीत सांगायची, मी आईला मराठीत. गवती चहाची काडी बघून आईला हसूच आलं. "हाई तं आपन चहामा टाकतस!" बाईने आईचं मनगट धरलं आणि बत्ता कसा फिरवायचा ते हळूहळू दाखवलं. चुकलं की पुन्हा दाखवलं. आईचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा झाला होता.

मग रश्शात टाकायची लहान हिरवी वांगी टोपलीतून निघाली.

नाना मागच्या खुर्चीवरून उठलेच. "वांगं रश्शामा? वाया घालतीन ह्या लोक!" त्यांनी आईच्या हातातला बत्ता काढून घेतला.

"माले करू द्या ना जरा," आई म्हणाली.

"तू बस. यास्ले दखाडू दे खान्देशना हात."

नानांनी आईच्या शेगडीवर वांगी भाजली. तिच्या खलातलं वाटण एका ताटलीत काढून टाकलं आणि तिथे भरीत कुटलं. बरोबरच्या दुकानदारांनी शिट्ट्या मारल्या. बाईने टाळ्या वाजवून आपली पांढरी टोपी नानांच्या डोक्यावर घातली. मी चडफडत, "नाना, पुरे!" म्हटलं, पण फोटो काढायच्या गडबडीत माझं कोण ऐकणार? बाकीच्या बायकांच्या भांड्यांत रस्सा उकळत होता. आईच्या नारळाच्या दुधाला कोणी हातही लावला नव्हता. वेळ संपला.

परत आल्यावर नानांनी शेतात पंगत ठेवली. गावभर सांगितलं, बँकॉकची भाजी खाऊ घालतो. वांगी आली, नारळाचं दूध काढून झालं, चुलीवर पातेलं चढलं. पातेल्यात बघत नाना थबकले. शिकायच्या वेळी ते शिकवत होते, त्यांना काय आठवणार? त्यांनी आईला हाक मारली, "आते काय टाकनं शे, सांग."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "माले कोनी शिकू दिधं?"

सगळे हसले. "वहिनी भारी चेष्टा करतस," दुकानातला बन्सीलाल म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने नाना हसले. पातेलं उतरवलं, नेहमीसारखं भरीत केलं, त्यातच नारळाचं दूध ओतलं. लोकांनी बोटं चाटत त्यालाच बँकॉकची भाजी म्हटलं.

नाना खुशीत होते. एक पान वाढून त्यांनी स्वतः आईपुढे आणलं. "चाख, कसं झायं?"

आईने पान परत त्यांच्या हातात दिलं. "तुम्हनंच शे. तुम्हीच चाखा."

पिठाचे हात तसेच घेऊन ती बांधावरून घराकडे चालू लागली. मी मागोमाग निघाले. पंगतीत नाना कुणाला तरी विचारत होते, "हिले काय झायं?"