अक्काच्या घरची झुरळं

मी नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गांधीलमाश्या पाळतो. पोळं करून घोळक्यानं राहणाऱ्या नव्हेत; ही जात एकटी राहते, मोरपिशी चमकते आणि फक्त झुरळाची शिकार करते. डंख मारून झुरळाला गुंगवते, मिशी धरून बिळात नेते आणि त्याच्या पायावर अंडं घालते. अळी पुढं त्याच झुरळावर पोसते. हे सगळं मी लोणच्याच्या बरण्यांत चालवतो. बायको म्हणते, "लोकं कुत्रं पाळतात, आमच्या घरी हे!"

यंदा एकच मादी उरली होती. तिनं अंडी घातली नसती तर सगळा खेळ खल्लास. आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर आमच्या अख्ख्या बिल्डिंगनं फवारणी करून घेतली. घरात औषधालासुद्धा झुरळ उरलं नाही.

मग मी मागत फिरलो. गल्लीतल्या दुसऱ्या बिल्डिंगमधले झाले, मित्र झाले, कॉलेजातले सहकारी झाले. जो तो एकच सांगे, "आमच्या घरी? छे, न्हाईत बा!" एका वहिनींनी तर उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. अरे, खोटं किती बोलावं माणसानं! इकडं माशी काचेवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मला तिच्याकडं बघवेना.

शेवटी अहमदपूरला अक्काला फोन करून रडगाणं गायलो. अक्का माझी थोरली बहीण; मेव्हणे गेल्यापासून एकटीच राहते. तिचं स्वयंपाकघर म्हणजे नुसतं लखलखीत. लहानपणी ताटाला एक शीत चिकटलेलं दिसलं तरी परत घासायला लावायची. तिच्याकडं झुरळं मागायची माझी काय बिशाद! मी नुसतं सांगत होतो. ती म्हणाली, "पाठवते."

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं डबा हातात दिला. "लाडू हायेत का, सर?"

"हाव, तसंच काहीतरी."

झाकणाला भोकं पाडलेली, आत झुरळंच झुरळं. संध्याकाळपर्यंत माशीनं एकाला मिशी धरून बिळात ओढलं. मला इतका आनंद झाला की लगेच अक्काला फोन लावला.

"जमलं का? लई बरं झालं बाबा."

"पण अक्का, एवढी कुणाकडून गोळा केलीस गं?"

"कुणाकडून कशाला? घरातलीच हायेत. भांडं उचललं की हाताला लागतात. डोळ्यानं दिसंना झालंय रे मला."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या माशीपायी सांगून टाकलं. सकाळच्या पहिल्या बसनं मी अहमदपूरला गेलो.