खिडकीजवळच्या टेबलावरची मंगलाष्टकं

घरात बाई बसलेली दिसली की ती रिकामीच आहे, असं अख्ख्या घराचं ठाम मत असतं. अंबरनाथच्या माईंनी निवृत्त झाल्यावर लोकांना मंगलाष्टकं लिहून द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही हा अनुभव आला. दोन ओळी जुळतायत न जुळतायत तोच यजमान दिनानाथराव मेथीची जुडी पुढ्यात आणून ठेवायचे. "बसलीच आहेस तर एवढी निवड." मेथी होईस्तोवर सिलिंडरवाला, तो जातोय तोवर शेजारीण. आता तुम्हीच सांगा, अशानं कुठल्या नवरीचं कौतुक वृत्तात बसणार?

शेवटी लेक प्राचीच त्यांना शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या कॉफी शॉपमध्ये घेऊन गेली. पहिल्या दिवशी माई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एकट्याच गेल्या, आणि मग खिडकीजवळचं टेबल त्यांचंच झालं. तिथं कुणी मेथी आणून ठेवत नव्हतं, याचंच त्यांना केवढं अप्रूप! कॅपुचिनो तेवढी त्यांना मिळमिळीत वाटायची, म्हणून पर्समधलं जायफळ काढून त्या स्वतःच वरून किसायच्या. वधूपक्षाची मंडळी माहिती द्यायला तिथंच येऊ लागली. मुलगी रागावली की काय करते, तिला झोप कुठं लागते, असलं काहीबाही माई विचारत. मग टेबलावर बोटांनी ठेका धरून गुणगुणत लिहीत. एकदा लिहिण्याच्या तंद्रीत त्यांनी असं काही खणखणीत "सावधान" म्हटलं, की शेजारच्या लॅपटॉपवाल्या पोरानं कॉफी अंगावर सांडून घेतली. मालक धर्मेश, उल्हासनगरचा सिंधी, पोट धरून हसत सुटला.

यंदा खुद्द प्राचीचंच लग्न ठरलं. मंगलाष्टक माईच लिहिणार आणि दिनानाथरावांची थोरली बहीण जनीआत्या ते म्हणणार, हे ओघानं आलंच. पण माईंची लेखणी काही केल्या हलेना. या घरात रीत अशी, की मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं तिकडे बघायचं नाही. पाठ करून तुळशीला पाणी घालत उभं राहायचं, आणि तुळस तर हॉलबाहेर. जनीआत्या रीतीची भारी कडक.

"वन्सं, इतक्या पोरींची लिहिली, माझ्याच पोरीचं कानावर पडू नये?" माईंनी विचारून पाहिलं.

"माझ्या आईनं नाही ऐकलं, तुझ्याही आईनं नाही ऐकलं," आत्या म्हणाली आणि विषय मिटवून टाकला.

माईंना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉफी शॉपमध्ये त्या नुसत्याच बसून राहिल्या. जायफळसुद्धा किसलं नाही. धर्मेशच्या ते बरोबर लक्षात आलं. त्यानं समोर बसून सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"तो माई, तुलसी को ही हॉल में ले आओ ना. आप पानी डालते रहो, सुनते रहो. प्रॉब्लेम क्या है?"

माई गालातल्या गालात हसल्या आणि लिहायला बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत.

लग्नाच्या सकाळी धर्मेशनं तुळशीची कुंडी स्टेजच्या पायरीशी आणून ठेवली. आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण रीत कुठं मोडतेय ते तिला काही सांगता येईना. माई स्टेजकडे पाठ करून तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. अंतरपाट धरला गेला आणि आत्यानं पायरीखाली उभं राहून सूर लावला. आवाज या वयातही खडा. कडव्यामागून कडवी, अक्षता पडतायत, माई बारीक धार धरून एकेक शब्द कानात साठवतायत. शेवटच्या कडव्यात आत्या म्हणू लागली,

"जी माझ्या पदरा धरून निजली..."

आणि तिथंच तिचा आवाज फुटला. प्राची तान्ही असताना माई ठाण्याला नोकरीला जायच्या. दुपारी पोरीला पदराखाली घेऊन निजवायची ती जनीआत्याच. लेकीच्या मंगलाष्टकातली सगळ्यात मायेची ओळ माईंनी स्वतःसाठी ठेवली नव्हती. ती नणंदेला दिली होती.

कडवं तिथंच अडलं. भटजी घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा तुळशीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माईंनी तीच ओळ सुरुवातीपासून उचलली. खालच्या पट्टीत, कॉफी शॉपमध्ये गुणगुणायच्या तशी. "जी माझ्या पदरा धरून निजली..." तांब्या कधीच रिकामा झाला होता, तरी हात तसाच वाकडा. कुंडी भरून पाणी पायरीवरून वाहत आत्याच्या पावलांपर्यंत गेलं होतं.

आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"पुरे झालं ते पाणी, माई," ती म्हणाली. "वळ इकडे. पोरीकडे बघून म्हण."

माई वळल्या. प्राची अंतरपाटाच्या कडेनं त्यांच्याकडेच बघत होती. तिच्याकडे बघत माईंनी ओळ पुरी केली, "ती चालली सासरी."