डोंगराची ओ

हाक मारून झाली की ते डावा तळहात कानामागे धरत आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबत. तोंड उघडं ठेवलं की लांबचं ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. मी करून पाहिलं आहे, येतं. उत्तर आलं की हात खाली येई आणि समोर जो कुणी असेल त्याला ते सांगत, "ओ आली." त्याचा त्या हाकेशी काही संबंध असो वा नसो.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगच्या पुढे आमची वाडी आहे. त्यांचं घर आमच्या वरच्या अंगाला होतं. नात्याने ते माझे कुणी नव्हते, पण मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी गमावला, आणि कसा गमावला तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे भात पोसवलं की राखण सुरू होते. दिवसा वानरं, दिवस कलला की डुकरं, मधूनच एखादा गवा. प्रत्येक शेतात चार मेढींवर माळा बांधतात. माळ्यावर एक माणूस, एक तेलाचा रिकामा डबा आणि तो बडवायला दांडकं. कुणाची पाळी कधी, हे मामा ठरवत. त्यांचा शब्द वाडीत कुणी फिरवत नसे. एका माळ्यावरून हाक यायची, पुढच्या माळ्याने ओ द्यायची, म्हणजे सगळे जागे आहेत हे सगळ्यांना कळायचं.

पण नुसती ओ चालत नसे. आमचे डोंगर असे समोरासमोर उभे आहेत की आपलीच हाक आपटून परत येते, आणि वाटतं पलीकडचा माणूस बोलला. म्हणून ओ देताना आपल्याकडचं काहीतरी एक तिला जोडायचं, असा नियम होता. "ओ, वानरं खालच्या अंगाला." "ओ, हितं पाऊस आला." सांगण्यासारखं काहीच नसेल तर, "ओ, तंबाखू संपली." मामा हसून म्हणत, "डोंगराची तंबाखू कधी संपत न्हाई. म्हंजे ह्यो माणूसच."

आणि ओ आलीच नाही तर? आणखी दोन हाका मारायच्या, आणि मग उठून बघायला जायचं. मामा स्वतः असेच सापडले होते. माळ्याची एक मेढ आतून कुजली होती. ते पडले, खुबा मोडला, आवाज फुटेना. त्यांची ओ आली नाही म्हणून शेजारच्या माळ्यावरचा माणूस उतरून आला. दवाखान्यातून परतले ते काठी घेऊन. माळा सुटला.

त्यानंतर हा खेळ आला. खानापूरला दिलेल्या मुलीने त्यांना आपला जुना फोन दिला, आणि जावयाने त्यात शेतीचा एक ऑनलाइन खेळ घालून दिला. वाडीत रेंज नाही. ती रस्त्याच्या वळणावर येते, जोयड्याची बस थांबते तिथे. तिथल्या सपाट दगडावर मामा रोज दुपारनंतर जाऊन बसत. मी जोयड्याहून कामावरून परतले की बसमधून उतरून थोडा वेळ त्यांच्यापाशी टेकत असे.

खेळात दहा-बारा जणांची शेतं एकमेकांना लागून होती आणि खेळणाऱ्यांना आपसात बोलता येई. मामांच्या बांधाला रामनगरच्या एका किराणा दुकानवाल्या अक्कांचं शेत होतं. दोघांची कधी भेट नव्हती, पण तिच्या दुकानात गर्दी कधी असते हे मामांना ठाऊक होतं. "अक्का, तुमच्या बांधाला डुक्कर लागलंय," असं ते फोनमध्ये सांगत, आणि तिकडून उत्तर येई, "थांबा मामा, गिऱ्हाईक हाय. साखर बांधून देते, मग बघते डुकराकडं."

त्या डुकरांनीच सगळ्यांना छळलं होतं. त्यांना घालवायला खेळात फक्त बंदूक होती, आणि गोळ्या विकत घ्याव्या लागत. नंतर खेळात बदल केले गेले, तेव्हापासून डुकरं कापून रचलेल्या भातातही शिरायला लागली. सगळे खेळाडू चिडले. खेळ बनवणाऱ्यांना त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. कुणी विनवण्या केल्या, कुणी शिव्या दिल्या, एकाने तर डुकराचं चित्र काढून त्याच्या गळ्यात कंपनीचं नाव लटकवलं. काहीच बदललं नाही.

मामांचं मागणं वेगळं होतं. "डुक्कर मारून काय करू? त्याला घालवायचं हाय. डबा द्या म्हणावं. आणि शेजाऱ्याला हाक मारायची सोय करा, तो खेळत नसला तरी त्याच्या फोनात वाजंल अशी." ते बोलत आणि फोन लिहून घेई.

हे सगळं ते मला सांगत आणि मी ऐकून घेत असे. मी जोयड्यात कॉम्प्युटरवर काम करते एवढंच वाडीला माहीत होतं. काय काम, ते मी कधी सांगितलं नव्हतं. एम.ए. करून शेवटी जे मिळालं ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. मामांचा खेळ बनवणारी कंपनी कुठली तरी दूरची. खेळाडूंची मराठी आणि कन्नड पत्रं एका मधल्या ठेकेदाराकडे येत. जोयड्यात एका दुकानावरच्या खोलीत बसून ती उघडायची, यादीतल्या तयार उत्तरांपैकी एक निवडायचं, बटण दाबायचं आणि पत्र बंद करायचं, हे माझं काम. दाबल्यावर पत्र कुठे जातं, असं मी एकदा वरच्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मॅडम, ते आपल्या कामात येत नाही.

एका सकाळी मामांचं पत्र माझ्यासमोर उघडलं. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. "सायबानू, डबा द्या," अशी सुरुवात होती आणि "ओ द्या" असा शेवट. मला हसू आलं, हेही लिहायला हवं. मी तिसऱ्या क्रमांकाचं उत्तर निवडलं.

त्या संध्याकाळी वळणावर उतरले तेव्हा मामा वाट बघत होते. "चष्मा न्हाई आणला. वाच गे बाय, काय म्हणत्यात."

मी वाचलं. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तो संबंधित विभागाकडे पाठवला आहे."

मामांनी हात कानामागे धरला होता, तोंड किंचित उघडं. मी थांबले तरी हात खाली आला नाही.

"फुडं?"

"एवढंच आहे, मामा."

त्यांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं. मग म्हणाले, "ही ओ न्हवं. ही डोंगराची."

तुमच्यापैकी कुणी अशी उत्तरं लिहिली असतील किंवा वाचली असतील. त्यांच्याबद्दल इतकं नेमकं बोलणं मी अजून ऐकलेलं नाही. मी तिथेच सांगायला हवं होतं की ती डोंगराची नाही, माझी आहे. पण मी फोन त्यांच्या हातात दिला आणि घरी गेले.

मामांनी आणखी चारदा लिहिलं. चारही वेळा मी बटण दाबलं, आणि चारही वेळा वळणावर माझंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यापुढचं पत्र आलं तेव्हा माझ्याने ते होईना. उत्तरांच्या खाली तारीख घालण्यासाठी एक रिकामी चौकट असते. तिच्यात मी लिहिलं, "डबा देऊ. उळवीच्या जत्रेच्या आधी. इथे आज धुकं आहे."

कुणी काही विचारलं नाही. आम्ही लिहिलेलं कुणी वाचतच नव्हतं.

त्या दिवशी मी वाचायला लागले आणि धुक्यापाशी येताच मामांचा हात खाली आला. "ओ आली," ते म्हणाले. मग हळूच, स्वतःशीच, "धुकं हाय म्हणतो. माणूस हाय तितं."

मला वाटलं, मी दया केली. धुक्याची गोष्ट खोटीही नव्हती. खोलीच्या खिडकीबाहेर खरंच धुकं होतं.

मामांनी ती ओ सगळ्या शेजाऱ्यांना सांगितली. अक्का खेळ सोडायला निघाली होती, तिला त्यांनी थांबवलं. आणखी दोघांना थांबवलं. जत्रेच्या आधी डबा येतोय, हा माझा शब्द, असं ते म्हणाले. त्यांचा शब्द वाडीत कुणी फिरवत नव्हतं, तसा खेळातही कुणी फिरवला नाही. लोकांनी आणखी एक पीक पेरलं आणि डुकरांनी ते खाल्लं.

माघात उळवीची जत्रा भरली आणि उठलीही. माणसं पालं उतरवून घरोघर गेली. डबा आला नाही. अक्काने पहिल्यांदा थट्टा केली. "मामा, तुमचा डबा उळवीहून चालत निघालाय वाटतं. पाय दुखत असतील त्याचे." मामा हसले. दुसऱ्या एकाने मात्र सरळ विचारलं की म्हाताऱ्याला कंपनी पैसे देते काय, लोकांना धरून ठेवायला. तेव्हा मी दगडावर त्यांच्या शेजारीच बसले होते. मामा अंगठ्याने फोनच्या काचेवरची धूळ पुसत राहिले. आठवड्याभरात सगळे गेले. अक्का शेवटी गेली. जाताना म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाई मामा. पण आता मन लागंना."

मी समजत होते की मामा आता चिडून लिहितील. त्या पत्राला कुठलं उत्तर लावायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पत्र आलं ते असं: "धुक्यातल्या सायबानू, तुमची ओ आल्ती. मग आली न्हाई. तुमी बरं हाय न्हवं? पडला न्हवं कुठं?"

मी ते किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. ओ देणारा गप्प झाला की तो पडला असणार, हे त्यांच्यासाठी सरळ होतं. तो खोटं बोलला असेल, हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. मी तिसरं उत्तर लावलं. दुसरी हाक आली, तिसरी आली. दोन्हींना मी तेच लावलं.

तीन हाका झाल्या, म्हणजे उठून बघायला जायचं. मामांना जाता येत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी मला दगडावर बसवून घेतलं.

"तू कॉम्प्युटरात काम करतीस. ह्या माणसाचा पत्ता लागंल काय बघ. एकटाच असंल तो. त्याच्या शेजारच्या माळ्यावर कोण न्हाई वाटतं."

मी म्हणाले, "बघते, मामा."

त्यानंतर मी बसमधून वळणावर उतरणं सोडलं. पुढच्या थांब्यावर उतरून शेतातल्या वाटेने मागे यायचे. वळणावरून बस जाताना मान खाली घालून पुस्तक वाचायचे. ते पुस्तक कुठलं होतं, आठवत नाही.

पावसाच्या आधी मुलगी त्यांना खानापूरला न्यायला आली. जीप आमच्या दारावरून जाणार होती, तेव्हा चुकवणं शक्य नव्हतं. ते पुढच्या सीटवर बसले होते, काठी गुडघ्यांत. जीप थांबवून त्यांनी विचारलं, "लागला पत्ता?"

खरं सांगायची ही शेवटची वेळ आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. मुलगी बघत होती, ड्रायव्हर बघत होता, दारात माझी आई उभी होती.

"लागला," मी म्हणाले. "बरा आहे तो. सुट्टीवर होता."

मामांनी डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं. पडला न्हाई म्हंजे झालं." मग जीप सुरू झाल्यावर खिडकीतून वाकून म्हणाले, "त्याला सांग, मी सारखं इचारलं म्हणून राग मानू नको म्हणावं."

श्रावणात ते खानापूरलाच वारले. निरोप आला तेव्हा मी कामावर होते. त्या दिवशी यादीत त्यांचं एक जुनं पत्र निघालं, मागे राहिलेलं. त्यात फक्त "ओ द्या" एवढंच होतं. त्याला मी अजून कुठलंही उत्तर लावलेलं नाही. ते बंद करा, असं साहेब दर सोमवारी लिहून कळवतात.

यंदाच्या कार्तिकात, उन्हं उतरताना, मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. मामांच्या शेतातल्या माळ्यावर आता त्यांचा पुतण्या बसतो. त्याने हाक मारली. ती समोरच्या डोंगरावर आपटून परत आली आणि मग काही क्षण काहीच नाही. मी हातातले कपडे तसेच धरून उभी राहिले. माझं तोंड उघडलं होतं. मला नुसतं ओ म्हणून, अंगणात कपडे वाळलेत, एवढं सांगता आलं असतं.

मग पलीकडच्या माळ्यावरून कुणीतरी ओरडलं, "ओ, वानरं खालच्या अंगाला." मी तोंड मिटलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले.